सदाफुलीची पंचवीस पाने: डॉ. रॉबर्ट नोबल यांची जीवनकथा

केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णांच्या घरची मंडळी आम्हा डॉक्टरांना एक प्रश्न वरचेवर विचारतात. बहुतेक वेळा तो रुग्ण स्वतः विचारत नाही. रुग्ण वजन करायला किंवा रक्त द्यायला बाहेर गेला, की मागे थांबलेला मुलगा, सून किंवा जावई थोडे संकोचून विचारतो. आमच्या दारात सदाफुली आहे, तिच्यापासून कॅन्सरचे औषध बनते असे वाचले आहे, मग रोज सकाळी चार-पाच पाने वाटून दिली तर चालतील का?

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्यातली माहिती निम्मी खरी आहे. सदाफुलीपासून कर्करोगावरची दोन महत्त्वाची औषधे मिळाली आहेत आणि कदाचित तुमच्या रुग्णाच्या सलाईनमधून त्यातलेच एक आज जात असेल. तरीही पाने देऊ नका, असेच आम्ही सांगतो. ते का, हे समजून घ्यायचे असेल तर ही औषधे सापडली कशी, ते पाहायला हवे. ती शोधणाऱ्या कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या आयुष्याची गोष्ट म्हणूनच येथे सांगत आहोत.

थोरल्या भावाची नाणेफेक

रॉबर्ट लेंग नोबल यांचा जन्म १९१० साली कॅनडातील टोरोंटो शहरात झाला. (आडनाव नोबल, नोबेल पारितोषिकाशी त्याचा संबंध नाही, आणि ते पारितोषिक त्यांना कधी मिळालेही नाही.) त्यांचे थोरले बंधू क्लार्क हे टोरोंटो विद्यापीठात शिकत होते. १९२१ च्या उन्हाळ्यात तिथे फ्रेडरिक बॅंटिंग नावाचा एक तरुण सर्जन मधुमेहावर प्रयोग करायला आला. त्याच्या मदतीला दोन विद्यार्थी द्यायचे ठरले होते: चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल. आधी कोणी जायचे हे ठरवण्यासाठी दोघांनी नाणे उडवले. बेस्ट जिंकले. सुट्टीच्या उत्तरार्धात क्लार्क यांची पाळी यायची होती, पण तोवर बेस्ट यांचा हात कामात बसला होता आणि तेच पुढे राहिले. त्या उन्हाळ्यातील प्रयोगांतून इन्सुलिन मिळाले. बॅंटिंग आणि बेस्ट ही जोडी जगाला माहीत झाली. क्लार्क यांनीही इन्सुलिनवर पुढे काम केले, पण त्यांचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही.

त्या वेळी रॉबर्ट अकरा वर्षांचे होते. मधुमेह, इन्सुलिन आणि प्रयोगशाळा हे शब्द त्यांच्या घरात लहानपणापासून असे रुळले. जवळपास तीस वर्षांनी याच थोरल्या भावाच्या हातून एक पाकीट त्यांच्याकडे यायचे होते.

संप्रेरके, युद्ध आणि उंदीर

रॉबर्ट १९३४ मध्ये टोरोंटो विद्यापीठातून डॉक्टर झाले. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी संशोधनाची वाट धरली आणि ते इंग्लंडमध्ये लंडनला गेले. शरीरातील संप्रेरकांवर, म्हणजे हार्मोन्सवर, तिथे त्या काळी महत्त्वाचे काम चालू होते. प्रयोगशाळेत बनवलेली स्त्री-संप्रेरके उंदरांना दीर्घकाळ दिली तर त्यांच्या शरीरावर काय परिणाम होतात, हा नोबल यांच्या अभ्यासाचा विषय होता.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ते कॅनडात परतले आणि मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स कॉलिप यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. कॉलिप म्हणजे इन्सुलिन रुग्णाला टोचता येईल इतके शुद्ध करून देणारे रसायनशास्त्रज्ञ. सुरुवातीचा अर्क अशुद्ध होता. तो दिल्यावर पहिल्या रुग्णाला अपेक्षित गुण आला नाही. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिल्यावर आला. वनस्पतीतून किंवा प्राण्यातून मिळालेला कच्चा अर्क आणि औषध यांत किती अंतर असते, हे कॉलिप यांच्या हाताखाली काम करणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नसे.

युद्धाच्या काळात सगळ्यांनाच युद्धाची कामे करावी लागली. बोटीवर सैनिकांना होणाऱ्या मळमळ-उलटीवर काय उपाय करावा, मोठा मार लागल्यावर रक्तस्राव न होताही माणूस शॉकमध्ये का जातो, अशा प्रश्नांवर नोबल यांनी काम केले. शॉकच्या अभ्यासासाठी त्यांनी आणि कॉलिप यांनी १९४२ मध्ये एक फिरते पिंप वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती अनेक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत नोबल-कॉलिप ड्रम या नावाने वापरली गेली.

युद्ध संपल्यावर कॉलिप ऑंटारिओ प्रांतातील लंडन या शहरी गेले. (हे कॅनडातील लंडन, इंग्लंडच्या राजधानीशी गल्लत करू नये.) नोबलही त्यांच्याबरोबर तिथल्या वेस्टर्न ऑंटारिओ विद्यापीठात गेले. आपल्या गोष्टीचा मुख्य भाग इथे सुरू होतो.

जमैकाहून आलेले पाकीट

१९५२ साली क्लार्क नोबल यांच्याकडे वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावरून एक पाकीट आले. त्यात एका झुडपाची २५ पाने होती. जमैकात इन्सुलिन सहज मिळत नसे, तेव्हा मधुमेहाचे रुग्ण या पानांचा चहा करून पीत, असे कळवले होते. क्लार्क यांनी ते पाकीट धाकट्या भावाकडे पाठवून दिले.

ते झुडूप म्हणजे आपली सदाफुली. तिचे मूळ गाव आफ्रिकेजवळचे मादागास्कर बेट. तिथून ती उष्ण हवेच्या सगळ्या देशांत पसरली. आपल्याकडे ती तुळशीवृंदावनाच्या शेजारी, बसस्थानकाच्या कुंपणाला, स्मशानाच्या वाटेला, कुठेही उगवते. फारसे पाणी मागत नाही, बारा महिने फुलते आणि पाने इतकी कडू की गुरे सहसा तोंड लावत नाहीत. शास्त्रीय भाषेत तिला पूर्वी व्हिंका रोझिया म्हणत. आता कॅथरॅन्थस रोझियस म्हणतात. मधुमेहावर तिचा काढा घेण्याची चाल जमैकाप्रमाणेच इतरही अनेक देशांत होती. आपल्याकडेही आहे.

नोबल यांनी पानांचा अर्क काढून उंदरांना तोंडावाटे दिला आणि रक्तातील साखर मोजली. साखर हलली नाही. पुन्हा करून पाहिले. तरीही नाही.

प्रयोग इथेच थांबला असता तर त्यात कोणाचीच चूक नव्हती. लोकांच्या सांगण्यावरून एक वनस्पती तपासली, तिच्यात अपेक्षित गुण दिसला नाही, वहीत तशी नोंद झाली. जगभरच्या प्रयोगशाळांत अशा हजारो नोंदी पडून आहेत. पण तोंडावाटे दिलेले औषध कधीकधी पोटातच निकामी होते, हे नोबल यांना माहीत होते. इन्सुलिनचेही तसेच होते. ते प्यायला दिले तर उपयोग होत नाही, टोचावे लागते. म्हणून त्यांनी अर्क टोचून पाहायचे ठरवले.

उंदीर का मेले?

टोचल्यावरही साखर उतरली नाही. पण आठवडाभराच्या आत उंदीर मरू लागले.

मेलेल्या उंदरांच्या शरीरात ठिकठिकाणी पू झालेला आढळला. स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा संसर्ग त्यांच्या अंगभर पसरला होता. हा जंतू पाण्यात, ओलसर जागी नेहमीच असतो आणि धडधाकट उंदराला सहसा काही करत नाही. अर्क दूषित होता, अशी समजूत करून घेणे सोपे होते. नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे केले नाही. एरवी निरुपद्रवी असलेला जंतू याच उंदरांना का मारतो, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला.

त्यांनी उंदरांचे रक्त तपासले. पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरल्या होत्या. मग हाडांतील मगज, म्हणजे अस्थिमज्जा, पाहिली. जिथे रक्तपेशी तयार होतात ती जागा जवळजवळ रिकामी झाली होती. म्हणजे जंतूंनी उंदीर मारले हे खरे. पण जंतूंना दार उघडून दिले ते सदाफुलीने. शरीराची पहारेकरी फौजच तिने नाहीशी केली होती.

केमोथेरपी घेणाऱ्या घरातील मंडळींना हे वर्णन ओळखीचे वाटेल. केमोनंतर आठवड्या-दहा दिवसांनी रक्त तपासायला का सांगतात, पांढऱ्या पेशी कमी असतील तर गर्दीत जाऊ नका, ताप आला तर रात्र न काढता लगेच या, असे का बजावतात, याचे कारण हेच. १९५० च्या दशकात त्या उंदरांना जे झाले, तेच रुग्णाला होऊ नये म्हणून ही सगळी काळजी असते.

नोबल यांना आता दिसू लागले की हातात आले ते मधुमेहाचे औषध नव्हे. पण जो पदार्थ वेगाने वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी थांबवतो, तो पांढऱ्या पेशींच्या कर्करोगालाही, म्हणजे ल्युकेमियालाही, थांबवू शकेल का? इथून शोधाची दिशा बदलली.

पानातून स्फटिकापर्यंत

पानात नेमका कोणता पदार्थ हे करतो ते शोधणे फार कठीण होते. सदाफुलीत अल्कलॉइड वर्गातील शंभराहून अधिक रसायने आहेत. त्यांतील बहुतेकांचा कर्करोगाशी संबंध नाही, आणि जी उपयोगी आहेत ती अगदी नगण्य प्रमाणात असतात. एक ग्रॅम औषध मिळवायला काही शे किलो वाळलेली पाने लागतात.

१९५४ मध्ये चार्ल्स बीअर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर नोबल यांच्याकडे आले. काम इतके गुंतत गेले की ते तिथेच राहिले. बीअर अर्काचे एकेक भाग वेगळे करत. नोबल आणि सहकारी प्रत्येक भाग उंदरांना देऊन पांढऱ्या पेशी मोजत. ज्या भागाने पेशी उतरत तो ठेवायचा, बाकीचे बाजूला काढायचे, ठेवलेला भाग पुन्हा विभागायचा. चाळणीने चाळत जावे तसे हे काम. हॅरी कट्स नावाच्या तरुण सहकाऱ्याने हा पदार्थ उंदरांमधील गाठींवर काय करतो ते तपासले.

अखेर बीअर यांच्या हाती एक शुद्ध स्फटिक आला. त्याला आधी व्हिंकाल्युकोब्लास्टीन असे लांबलचक नाव दिले. पुढे ते आटोपशीर होऊन व्हिन्ब्लास्टीन झाले. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीच्या परिषदेत नोबल यांनी हे काम मांडले. आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी योगायोगाने घडलेल्या निरीक्षणांचा उल्लेख केला होता. श्रेय पदरात पाडून घेण्यासाठी सगळे आधीपासून ठरवून केल्याचा आव त्यांनी आणला नाही.

त्या परिषदेत आणखी एक गोष्ट उघड झाली. अमेरिकेतील एलाय लिली कंपनीचे शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे याच झाडावर काम करत होते. त्यांनीही मधुमेहाच्या कीर्तीमुळेच सदाफुली हाती घेतली होती, आणि ल्युकेमिया झालेले उंदीर तिच्या अर्कामुळे जास्त जगतात असे त्यांना आढळले होते. दोन्ही गट एकत्र आले. कॅनडातील गटाकडे शुद्ध पदार्थ होता. कंपनीकडे पाने गोळा करण्याची आणि मोठ्या प्रमाणावर अर्क काढण्याची ताकद होती. कंपनीच्या गॉर्डन स्वोबोडा यांच्या कामातून सदाफुलीतील दुसरे औषध पुढे आले: व्हिन्क्रिस्टीन. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

रुग्णापर्यंत

व्हिन्ब्लास्टीनच्या सुरुवातीच्या मानवी चाचण्या टोरोंटोच्या प्रिन्सेस मार्गारेट रुग्णालयात झाल्या. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक प्रकारचा कर्करोग, झालेल्या काही रुग्णांच्या गाठी या औषधाने लहान झाल्या. व्हिन्क्रिस्टीनने लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचार बदलून टाकले. त्याआधी या आजाराचे निदान म्हणजे काही महिन्यांची मुदत, असेच बहुतेक आईबापांना ऐकावे लागे. व्हिन्क्रिस्टीन आणि स्टेरॉइड एकत्र दिल्यावर बहुतेक मुलांच्या रक्तातून आजार तात्पुरता हटू लागला. मग त्यात आणखी औषधे जोडत जोडत आजची उपचारपद्धती तयार झाली. आज चांगल्या केंद्रांत पूर्ण उपचार घेतलेल्या १० पैकी ८ ते ९ मुले बरी होतात. हे यश एकट्या सदाफुलीचे नाही. अनेक औषधे ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळी दिल्याचे आहे.

ही औषधे करतात काय? पेशीचे दोन भाग होताना आत बारीक दोऱ्यांचा एक सांगाडा उभा राहतो. गुणसूत्रे त्या दोऱ्यांना धरून दोन बाजूंना ओढली जातात. व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन हे दोरे तयारच होऊ देत नाहीत. पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकते आणि मरते. कर्करोगाच्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून त्यांना फटका जास्त बसतो. पण केसांची मुळे, अस्थिमज्जा आणि आतड्यांचे अस्तर यांतील पेशीही विभागत असतात, म्हणून त्यांनाही झळ लागते. नसांच्या आतही असेच दोरे असतात. म्हणून व्हिन्क्रिस्टीनने हातापायांना मुंग्या येतात, शर्टाची बटणे लावता येत नाहीत, पाऊल ओढल्यासारखे पडते, जबडा दुखतो किंवा पोट साफ होत नाही. असे काही जाणवले तर लाजू नका आणि सहनही करत बसू नका. पुढच्या डोसआधी डॉक्टरांना जरूर सांगा, कारण त्यावरून मात्रा बदलावी लागते.

पुढची वर्षे

१९६० मध्ये नोबल कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हॅंकुव्हरला गेले. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कर्करोग संशोधन केंद्राची धुरा त्यांनी १९७५ पर्यंत सांभाळली. बीअरही तिथे गेले.

एवढ्या मोठ्या शोधानंतर दुसरा कोणी आयुष्यभर सदाफुलीच्याच गोष्टी सांगत फिरला असता. नोबल आपल्या जुन्या विषयाकडे वळले: संप्रेरके आणि कर्करोग. त्यांनी उंदरांचा एक खास वंश वाढवला. दीर्घकाळ संप्रेरके दिल्यावर या उंदरांना स्तनाच्या, प्रोस्टेटच्या आणि इतर गाठी होत. संप्रेरकांवर वाढणारे कर्करोग कसे सुरू होतात आणि कसे बदलतात, हे समजायला या उंदरांचा फार उपयोग झाला. हा वंश आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. निवृत्तीनंतरही त्यांचे काम चालू होते.

१९८८ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान मिळाला. १९९० च्या डिसेंबरमध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सदाफुलीच्या शोधाची हकीकत त्यांनी स्वतः लिहिलेल्या एका लेखातून प्रसिद्ध झाली होती. १९९७ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय क्षेत्रातील मानकऱ्यांच्या यादीत नोबल आणि बीअर या दोघांची नावे घेण्यात आली.

बाकीच्या वनस्पतींचे काय झाले?

सदाफुलीच्या यशानंतर वनस्पतींत कर्करोगाची औषधे शोधण्याला जोर आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात एक लाखाहून अधिक वनस्पती-अर्क तपासले. त्यांतून रुग्णांपर्यंत पोहोचलेली औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून मिळालेले पॅक्लिटॅक्सेल हे त्यांतील प्रसिद्ध नाव.

त्याच शोधात एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन मिळाले. त्याचा आपल्याशीही संबंध आहे. मुंबईत गोरेगावच्या एका औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणारे टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये हेच रसायन आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातून वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. पण कॅम्प्टोथेसिन जसेच्या तसे रुग्णांना दिल्यावर मूत्राशयातून रक्तस्रावासारखे गंभीर त्रास झाले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याच्या रचनेत बदल करून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन ही औषधे तयार झाली आणि ती आज वापरात आहेत. झाड गुणकारी होते, रसायन शुद्ध होते, तरीही ते माणसाला सोसेल असे करायला अनेक वर्षे लागली.

मग पाने का द्यायची नाहीत?

नोबल यांच्या प्रयोगांतच याचे उत्तर आहे. ते असे:

• पानातील मात्रा कळत नाही. व्हिन्क्रिस्टीनचा डोस रुग्णाच्या शरीराच्या क्षेत्रफळावरून ठरतो आणि मोठ्या माणसालाही एका वेळी तो सहसा २ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. मिठाच्या काही कणांएवढा हा हिशेब असतो. झाड, जमीन, ऋतू, पानाचे वय यांप्रमाणे पानातील रसायने बदलतात. चार पानांत किती आहे, हे कोणीच सांगू शकत नाही.

• तोंडावाटे हे औषध भरवशाचे नाही. व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन शिरेतूनच देतात. रस प्यायल्याने कर्करोगावर उपयोग होईल इतके औषध रक्तात पोहोचेल असे मानायला आधार नाही. मात्र पानातील इतर रसायनांचा त्रास होऊ शकतो.

• केमो सुरू असताना धोका वाढतो. केमोमुळे अस्थिमज्जा आधीच थकलेली असते. त्यात पेशी उतरवणाऱ्या वनस्पतीची भर कशाला? शिवाय काही औषधे एकमेकांत ढवळाढवळ करतात. उदाहरणार्थ, बुरशीवरच्या काही गोळ्यांमुळे व्हिन्क्रिस्टीनचा नसांवरचा त्रास खूप वाढतो. म्हणून रुग्ण घेत असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण आणि रस यांची यादी डॉक्टरांना द्या.

• मधुमेहासाठीही नको. ज्या कारणासाठी ही पाने नोबल यांच्याकडे आली, तो गुण त्यांना सापडला नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन बंद करून सदाफुलीवर विसंबणे धोक्याचे आहे.

• गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तर ही पाने मुळीच घेऊ नयेत. विभागणाऱ्या पेशी थांबवणारे रसायन गर्भाला घातक ठरू शकते.

रुग्ण आधीच पाने घेत असेल, तर घरच्यांनी ते लपवू नये. आम्ही रागावणार नाही. पेशी का उतरल्या, केमो पुढे का ढकलावी लागली, हे समजायला ती माहिती लागते. ती मिळाली नाही, तर चुकीच्या कारणाचा शोध घेण्यात दिवस जातात.

शेवटी एवढेच

जमैकातील लोक पानांचा चहा पीत होते, म्हणून ती पाने प्रयोगशाळेत पोहोचली. लोकांच्या अनुभवाला नोबल यांनी हसून टाकले नाही. पण तो अनुभव तपासल्याशिवाय त्यांनी मानलाही नाही. साखर उतरत नाही हे त्यांनी मान्य केले आणि उंदीर का मेले हे विचारत राहिले. पंचवीस पानांपासून पहिल्या रुग्णापर्यंत यायला सात-आठ वर्षे लागली. उंदीर मारणारा अर्क आणि मूल वाचवणारे औषध यांत एवढ्या वर्षांच्या मोजमापाचे अंतर आहे.

दारातली सदाफुली उपटून टाकू नका. तिला पाणी घाला, फुले देवाला वाहा. तुमच्या रुग्णाला तिचा जो उपयोग व्हायचा, तो मोजून-मापून, शुद्ध करून, नर्सच्या देखरेखीखाली शिरेतून होतोच आहे. पानांचा रस करण्यात जाणारा सकाळचा वेळ रुग्णाला उकळून गार केलेले पाणी देण्यात, ताजे गरम जेवण करण्यात आणि ताप मोजून वहीत लिहिण्यात घालवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाचा आजार आणि उपचार वेगळा असतो. कोणतेही औषध, काढा किंवा पूरक उपचार सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.)